मोर्स आठ-दहा शब्दांवर अडकलाय? आधी भिंतीवरचा तक्ता काढा

"भाऊ, सारी अक्षरं पाठ हायेत. तरी रेडिओ लावला का काहीच समजून नाही राहिलं."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवतो आणि फक्त एवढंच विचारतो, "तक्ता कुठं लावलाय? पलंगासमोर का आरशाशेजारी?" समोरचा चमकतो. तक्ता असतोच: मोर्समध्ये कुठल्या अक्षराला कोणते आखूड-लांब आवाज, ते दाखवणारा.

दारव्ह्यात माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. संध्याकाळी शटर अर्धं ओढलं की आजूबाजूच्या गावांतली तीन-चार पोट्टी हॅम, म्हणजे हौशी, रेडिओच्या परवान्याच्या परीक्षेची तयारी करायला येऊन बसतात. ओहमचा नियम, अँटेनाची लांबी, हे त्यांना जड जात नाही. अडतं मोर्सवर, आणि दरवेळी त्याच जागी. मिनिटाला पाच शब्द येतात, सहा येतात, आठला घाम फुटतो आणि दहाच्या पुढे गाडी सरकतच नाही. रोज तासभर बसूनही नाही. मी स्वतः दीड वर्ष तिथंच रुतून होतो आणि जनरल, म्हणजे वरच्या, ग्रेडच्या परीक्षेत एकदा नापासही झालो. त्यात परीक्षेचा दोष नव्हता.

रिस्ट्रिक्टेड, म्हणजे खालच्या, ग्रेडला मोर्स लागत नाही. जनरलला मिनिटाला ८ शब्दांचा वेग लागतो, म्हणजे शब्दाला पाच अक्षरं धरून ४० अक्षरं. वेग मोजायला 'पॅरिस' हा शब्द प्रमाण मानतात. डिट म्हणजे आखूड आवाज, एक मात्रेचा; डाह म्हणजे लांब, तीन मात्रांचा, अक्षराच्या पोटातली फट एक मात्रा, दोन अक्षरांमधली तीन, दोन शब्दांमधली सात. या मापानं 'पॅरिस' बरोबर ५० मात्रांचा भरतो. हे माप लक्षात ठेवा, कारण बिघाड त्यातच सापडतो.

दहा शब्द म्हणजे मिनिटाला ५० अक्षरं. एका अक्षराच्या वाट्याला १.२ सेकंद येतो, तोही अक्षर वाजण्यासकट. तक्त्यावरून शिकलेला माणूस तेवढ्यात काय काय करतो बघा. आवाज ऐकतो, खुणा मोजतो, डोळ्यांपुढे तक्ता आणतो, त्यात ओळ शोधतो, अक्षर सापडलं की लिहितो. यात सव्वा सेकंद सरतो आणि पुढचं अक्षर दारात उभं असतं. ही भिंत मेहनतीनं हलत नाही. शोधण्याचा वेग थोडा वाढेल, पण शोधणं चालूच राहील.

खात्री करायची असेल तर एक चाचणी करा. कुठल्याही मोर्स ॲपवर व्ही अक्षर वाजवा: डिट-डिट-डिट-डाह. आधी ८ च्या वेगानं, मग २० च्या. आठला एक डिट १५० मिलिसेकंदांचा असतो, वीसला ६० चा. वीसला तुमच्या तोंडून "लय फास्ट हाय, मोजता नाही आलं" निघालं, तर निदान झालं. मोजता हाच तो शब्द. ज्याच्या कानात व्ही बसलाय त्याला वीसचा व्ही आठच्या व्हीपेक्षा सोपा वाटतो, कारण वीसला त्याला आकार येतो. आठला तो तुकड्यातुकड्यानं येतो. दुसरी खूण अशी: एच आणि पाच, बी आणि सहा, व्ही आणि चार या जोड्यांत तुम्ही सारखे चुकता. फरक फक्त एका डिटचा आहे, आणि मोजणारा माणूस शेवटच्या डिटावरच घसरतो.

मला हा रोग जास्त का जडला तेही सांगतो. आमचा धंदाच मोजण्याचा. जळालेली मोटर उघडली की पहिलं काम म्हणजे जुन्या कॉइलचे वेढे मोजणं. एक चुकला तर गिऱ्हाईक परत येतं. मोर्सकडेही मी वेढे मोजल्यासारखाच बघत होतो. हे दुखणं आजचंही नाही आणि फक्त आपल्याकडचंही नाही. अमेरिकेत ब्रायन आणि हार्टर या दोघांनी तार शिकणाऱ्यांचा अभ्यास करून १८९७ आणि १८९९ मध्ये तो छापला, त्यातही हेच दिसतं. पाठवण्याचा वेग हळूहळू चढत जातो, ऐकण्याचा मात्र मध्येच सपाट होतो आणि बराच काळ तसाच राहतो. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीची पोरंही तिथंच बसून होती.

आता पद्धतींकडे येऊ. प्रत्येक पद्धत कुठं कामाची आणि कुठं घात करते ते मी माझ्या आणि या पोट्ट्यांच्या अनुभवावरून सांगतोय.

तक्ता, आणि तक्त्याचाच भाऊ असलेलं फांद्यांचं झाड, डावीकडे डिट आणि उजवीकडे डाह. याबद्दल फार बोलत नाही. दोन दिवसांत सगळी अक्षरं 'येतात' आणि पुढची दोन वर्षं तीच विसरायला जातात. पाठवण्यापुरतं चालेल. ऐकण्यासाठी घरात ठेवू नका.

मग येतात लक्षात ठेवायच्या युक्त्या. इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मागे एक निवृत्त मराठीचे सर आमच्याकडे शिकायला येत. तिसऱ्या दिवशी ते हातात वही घेऊन आले आणि म्हणाले, "अहो, हे तर आपलं 'यमाताराजभानसलगा' आहे!" वही बघून मीही थक्क झालो. तीन खुणांची अक्षरं मोर्समध्ये बरोबर आठ, आणि आपले गणही आठ. लघूला डिट धरा, गुरूला डाह. य गण म्हणजे डब्ल्यू, म म्हणजे ओ, त म्हणजे जी, र म्हणजे के, ज म्हणजे आर, भ म्हणजे डी, न म्हणजे एस, स म्हणजे यू. एकही शिल्लक राहत नाही. भुजंगप्रयातात चार य, तेव्हा त्याची एक ओळ वाचली की चार डब्ल्यू वाजतात. दुकानातल्या पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या.

सरांना ही आठ अक्षरं दहा मिनिटांत पाठ झाली. तीन महिन्यांनी पाहिलं तर त्यांच्या लिहिण्यात सगळ्यात हळू तीच आठ. उरलेली अठरा त्यांच्यापुढे निघून गेली होती. कारण उघड होतं. 'डाह डिट डिट' ऐकलं की सर आधी भ गणाकडे जायचे आणि भ कडून डी कडे. एका नदीवर दोन पूल. कुठलीही युक्ती घ्या, अक्षराच्या आकारात खुणा बसवलेलं चित्र असो की त्या ठेक्यात बसणारा शब्द, मधला पूल राहतोच आणि वेग वाढला की माणूस त्याच पुलावर अडकतो.

सरांचा दुसरा बिघाडही गणातूनच आला होता. गुरू दोन मात्रांचा, डाह तीन मात्रांचा. सर 'की' वर, म्हणजे मोर्स पाठवायच्या दांडीवर, हात ठेवायचे तेव्हा त्यांचा डाह दोन मात्रांचा निघे आणि ऐकणाऱ्याला एन आणि आय यांत फरक कळेना. पाठवताना तुमचं कोणाला समजत नसेल तर आधी डाह तपासा. बहुतेकांचा आखूडच असतो.

सरांना पुढे काढलं ते त्यांच्याच विषयानं. मी विचारलं, "सर, कोणी भुजंगप्रयात म्हणायला लागलं तर तुम्ही गण पाडून ओळखता का?" म्हणाले, "छे, चाल कानावर पडली की कळतं." तेवढंच पुरे होतं. त्या दिवसापासून गणांची नावं बंद, फक्त चाल.

तिसरी पद्धत म्हणजे सावकाश सुरू करून वेग वाढवणं. पाचनं सुरू, मग सहा, मग सात. दिसायला सगळ्यात शहाणी, आणि माझं दीड वर्ष हिनंच खाल्लं. सी हे अक्षर घ्या, डाह-डिट-डाह-डिट, ११ मात्रांचं. आठच्या वेगानं ते वाजायला १.६५ सेकंद लागतात, वीसला ०.६६. एवढं ताणलेलं सी आणि आवळलेलं सी कानाला एक वाटत नाहीत. दर पायरीवर तेच अक्षर नव्यानं शिकावं लागतं.

यावर फार्न्सवर्थ नावाच्या अमेरिकन हॅमच्या नावानं ओळखला जाणारा तोडगा असा: अक्षर वाजवायचं पुऱ्या वेगानं, फक्त अक्षरांमधली फट वाढवायची. अक्षराचा आकार पहिल्या दिवसापासून खरा राहतो. कल्पना उत्तम आहे, पण हिच्यातही एक भोक आहे. अक्षरांचा वेग २० आणि एकंदर वेग ८ ठेवला तर दोन अक्षरांमधली फट १८० मिलिसेकंदांऐवजी जवळपास ८९० होते. पाऊण सेकंदाच्या वर रिकामा वेळ! तेवढ्यात तक्ता उघडून, ओळ शोधून, मिटूनही होतो. म्हणून फार्न्सवर्थवर महिनोन् महिने बसलेली पोरंही अडकतात आणि त्यांना कळत नाही का. ॲपमध्ये 'अक्षर वेग' आणि 'एकूण वेग' असे दोन आकडे असतील तर पहिला २० वर सोडून द्या आणि दुसरा दर आठवड्याला एकानं वाढवा. ज्या दिवशी वाढवाल त्या दिवशी चुका वाढतील. वाढू द्या.

कोख पद्धत १९३०च्या दशकातली, लुडविग कोख या जर्मन मानसशास्त्रज्ञाची. पहिल्याच दिवशी पुरा वेग, पुऱ्या फटी, पण अक्षरं फक्त दोन. आजच्या बऱ्याच ॲपमध्ये ती के आणि एम असतात. पाच मिनिटं ऐकून लिहा, तपासा, शंभरात नव्वद बरोबर आली की तिसरं अक्षर जोडा. इथं तक्ता उघडायला वेळच मिळत नाही, म्हणून सवय लागतच नाही. भिंत चढायची नाही, तिला वळसा घालायचा.

माझी धाकटी पुतणी गावच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवते. या भागात खंजिरीला तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे वेगळंच स्थान आहे, त्यामुळे पोरीच्या हातात ती लहानपणापासून आहे. तिला मी तक्ता दाखवलाच नाही, सरळ कोखवर बसवलं. चौथ्या दिवशी म्हणाली, "काका, हे तं ठेके हायेत. डिट-डाह काय म्हणता, नुसतं वाजवा ना." साडेतीन महिन्यांत सगळी अक्षरं आणि अंक. बाकी पोट्ट्यांना दुप्पट वेळ लागला. ज्याचा हात ढोलकी, टाळ, खंजिरी कशावरही बसलाय, त्यानं दुसऱ्या कुठल्याच पद्धतीकडे बघू नये असं माझं मत झालंय.

कोखमध्येही लोक अडकतात, फक्त वेगळ्या जागी. दहाव्या-बाराव्या अक्षराशी. नव्वदचा आकडा गाठायचा म्हणून तोच धडा तीन-तीन आठवडे घासत बसतात. मी पोरांना पंच्याऐंशीवरही पुढं सोडतो. मागची अक्षरं पुढच्या धड्यांत येतच राहतात. दुसरी अडचण कंटाळ्याची. नुसतं 'केएमके एमएमके' लिहून माणूस विटतो. यावर माझा उपाय असा: के, एम, यू, आर, ई, एस, एन, ए एवढी अक्षरं आली की आपलेच शब्द रोमन अक्षरांत वाजवा. मका, कान, नकार, कारण, सरकार, सगळे होतात. 'ऊस' तर दोनच अक्षरांत. 'सरकार' ओळखू आला तेव्हा एक पोट्टा खुर्चीतून उठून नाचला होता. अक्षरं जोडून शब्द करणं आणि अख्खा शब्द ऐकणं यातला फरक त्या क्षणी कळतो.

तेव्हा माझ्याकडे क्रम असा पडलाय. पहिली बारा-पंधरा अक्षरं कोखनं. तिथून पुढं कोख चालूच, पण रोज पाच मिनिटं शब्द, फट किंचित वाढवून. आधीच तक्त्यावर शिकून अडकलेल्यांसाठी औषध कडू आहे: सगळी अक्षरं आली आहेत हे विसरून दोन अक्षरांपासून वीसच्या वेगानं पुन्हा सुरुवात. आठ-दहा दिवस अपमान वाटतो. मला फार वाटला होता.

एक सवय मात्र सगळ्याच पद्धतींत मोडावी लागते. एक अक्षर हुकलं की त्याचा विचार करता करता पुढची तीन जातात. हुकलेल्या जागी आडवी रेघ मारा आणि पुढचं ऐका. सुटलेल्या एसटीमागं धावण्यात स्टँडवर लागलेलीही जाते.

बसण्याची वेळ म्हणाल तर सलग तासापेक्षा पंधरा मिनिटं तीनदा बरी. थ्री फेज रात्रीची असली तर पाणी सोडायला गेलेली पोरं बांधावर बसून ऐकतात. त्यांना एवढंच सांगतो की एकाच कानात इअरफोन घाला, दुसरा सापाविंचवासाठी मोकळा ठेवा.

कानानं शिकलेलं कसं टिकतं हे मी एकदाच, पण पुरतं पाहिलं. आमच्या गावावरून यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेज जायची, जिला सगळे शकुंतला म्हणतात. रेल्वेत तार सांभाळलेले एक आजोबा दुकानात पंखा घेऊन आले होते. ॲप वाजत होतं. त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "शिट्ट्या काय वाजवून राहिला बाबू? खटका कुठं हाय?" त्यांना त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. त्यांच्या काळी साउंडर होता, कडकट्ट, कडकट्ट. त्यात आवाज लांब-आखूड नसतोच, दोन खटक्यांमधलं अंतर लांब-आखूड असतं. मी एक चोवीस व्होल्टचा रिले काढला, की ला जोडला आणि सावकाश दुकानाचं नाव ठोकलं. आजोबांनी चहाचा घोट घेत, पंख्याच्या कपॅसिटरचा भाव विचारत विचारत ते वाचून दाखवलं. वर म्हणाले, "हात कच्चा हाय तुह्या."

आता असे बिघाड, जे दिसतात पद्धतीचे पण असतात सामानाचे.

पोरं ब्लूटूथचे इअरफोन घालून मोबाइलवरच्या की वर पाठवायचा सराव करतात आणि हात अडखळतो म्हणून रडतात. ब्लूटूथमध्ये आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद सहज मागे पडतो. वीसच्या वेगाला डिटच ६० चा. म्हणजे तुम्ही दुसरा डिट दाबताय तेव्हा कानात अजून पहिलाही पोचलेला नसतो. हात चुकणारच. वायरवाला इअरफोन लावा, नाहीतर दोनशे रुपयांत एक साधा बझर आणि स्विच जोडा. ऐकण्याला उशिराचा त्रास नाही, पण काही इअरफोन शांतता पसरली की झोपी जातात आणि पुन्हा आवाज आला की पहिला तुकडा गिळतात. शब्दाच्या सुरुवातीचे ई आणि आय सारखे गायब होत असतील तर कानाला दोष देण्याआधी वायरवर ऐकून बघा.

स्वराची पट्टीही तपासा. काही ॲप हजार हर्ट्झच्या आसपास किंचाळतात. सहाशेवर आणा, कान दमत नाही.

कोखनं शिकलेल्यांना परीक्षेआधी एक वेगळाच झटका बसतो. कान वीसच्या आवळलेल्या अक्षराला सरावलेला, आणि परीक्षेत आठचं ताणलेलं अक्षर आलं तर ते ओळखूच येत नाही. हुशार पोरगी हळू वेगाला नापास होते ती अशी. शेवटचे पंधरा दिवस रोज दहा मिनिटं खऱ्या आठच्या वेगानं ऐका, अक्षरही आठचं, फटही आठची. तेवढ्यानं कान बसतो.

आणि शेवटचा बिघाड खास आपल्याकडचा. एका पोट्ट्यानं शेतातल्या खोपडीत रेडिओ लावला, ४० मीटरच्या हॅम पट्ट्यावर. रानडुकरं आणि रोह्यांसाठी बांधावर झटका मशीन. दुसऱ्या दिवशी वही घेऊन आला, पानभर ई, ई, ई, म्हणजे नुसता एकेक डिट. म्हणाला, "भाऊ, कोणीतरी रातभर ई पाठवून राहिलं." साधारण सेकंदाला एक. मी त्याला कुंपणाची तार फिरून बघायला सांगितलं. पावसानंतर गवत वाढून तारेला टेकलं होतं आणि दोन इन्सुलेटर फुटले होते, तिथून ठिणगी पडत होती. गवत कापलं, इन्सुलेटर बदलले, रेडिओ कुंपणापासून लांब बॅटरीवर नेला. ई इतके मंदावले की त्यांच्या मागं कोणीतरी सीक्यू सीक्यू, म्हणजे 'कोणी ऐकतंय का' अशी सगळ्यांना हाक, करत होतं ते पहिल्यांदा ऐकू आलं. सीक्यू त्यानं न मोजता लिहिला होता.